४ किलोचा गोळा, घनता मात्र ६.०७! आत नक्की काय भरलंय?

मैदानावरची

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षिका आहे. गणिताशी माझा संबंध रिलेच्या वेळा मांडण्यापुरताच, म्हणून विचारते.

यंदा अकरावी-बारावीच्या मुलींसाठी गोळाफेकीचा नवा गोळा आला, ४ किलोचा. जुना अजून आहे. दोन्ही शेजारी ठेवले की नवा चांगलाच मोठा दिसतो, वजन मात्र सारखंच. मुलींनी लगेच त्याचं नाव 'भोपळा' ठेवलं आणि "बाई, हा आतून पोकळ आहे" असा निकालही देऊन टाकला. आमचे गणिताचे सर तेव्हा दहावीला महत्त्वमापन शिकवत होते. त्यांना आयतंच उदाहरण मिळालं, गोळा उचलून वर्गातच नेला.

वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर केलं. तो ५ ग्रॅमच्या पटीत दाखवतो. नवा ४.००५ किलो, जुना ३.९८० किलो. व्यास मोजायला गोळा भिंतीला टेकवला, दुसऱ्या बाजूने लाकडी ठोकळा लावला आणि मधलं अंतर पट्टीने घेतलं. नवा १०.८ सेंमी, जुना १०.२.

मग सरांनी फळ्यावर मांडलं. नव्याची त्रिज्या ५.४, तिचा घन १५७.४६, त्याला ४/३ आणि ३.१४१६ ने गुणून घनफळ ६५९.६ घसेमी. ४००५ भागिले ६५९.६, म्हणजे ६.०७ ग्रॅम प्रति घसेमी. जुन्याचं घनफळ ५५५.६, घनता ७.१६.

पुस्तकात लोखंडाची घनता ७.८७ दिली आहे. म्हणजे जुनाही कमीच, आणि नवा तर फारच कमी. पट्टीने मोजल्यामुळे एवढा फरक पडतो का? आत काय आहे ते न कापता कळेल का? आणि खरा प्रश्न, हा गोळा मुलींच्या हातात द्यायचा की नाही?

पाटीपेन्सिल

गणित तपासलं, बरोबर आहे. सर व्यासाची त्रिज्या करायला विसरले नाहीत, यातच निम्मं काम झालं. तिथे चूक झाली तर घनफळ आठपट येतं आणि लोखंडाचा गोळा पाण्यावर तरंगायला लागतो. दहावीच्या पेपरांत असे तरंगणारे गोळे मी पुष्कळ पाहिलेत.

पट्टीबद्दल सांगतो. व्यासाचा घन होतो, त्यामुळे व्यासातली चूक घनतेत तिपटीने येते. १०८ मिमीमध्ये १ मिमी म्हणजे ०.९ टक्का, घनतेत तो जवळजवळ २.८ टक्के होतो. व्यास १०.७ धरलात तर घनता ६.२४, १०.९ धरलात तर ५.९१. खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. ७.८७ च्या जवळपासही जात नाही. काट्यातल्या ५ ग्रॅमची चिंता सोडून द्या, तो हजारात एक भागाच्या आसपासचा फरक आहे.

आणखी एक. व्यासाची भानगडच नको असेल तर परीघ घ्या. शिंप्याची टेप नको, ती ताणली जाते. कागदाची अरुंद पट्टी गोळ्याच्या पोटावरून गुंडाळा, जिथे टोक टोकावर येतं तिथे टाचणीने भोक पाडा, पट्टी सोडून दोन भोकांतलं अंतर मोजा. परिघाच्या घनाला ५९.२२ ने भागलं की थेट घनफळ. (५९.२२ म्हणजे पायच्या वर्गाची सहापट.) परिघात १ मिमी चुकलात तरी व्यासात ०.३ मिमीच चूक येते. पट्टी जरा तिरकी बसली की परीघ कमी भरतो, म्हणून दोन-चारदा घेऊन सर्वांत मोठा आकडा धरा.

बिडाचा तवा

मॅडम, पहिली गोष्ट. ७.८७ विसरा. ती शुद्ध लोखंडाची घनता. गोळा शुद्ध लोखंडाचा नसतो, तो बहुधा बिडाचा असतो, म्हणजे ओतीव लोखंडाचा. आमच्या कोल्हापुरात शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला कुठल्याही फाउंड्रीत जाऊन विचारा, बिडाची घनता कोणीही ७.२ च्या आसपास सांगेल. बिडात कार्बन तीन-चार टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात बसलेला असतो. ग्राफाइट हलकं, म्हणून बीडही पोलादापेक्षा हलकं. तुमचा जुना गोळा ७.१६ आला ना? तो अस्सल भरीव बिडाचा आहे, त्याला नावं ठेवू नका. ४ किलो बिडाचा भरीव गोळा केला तर व्यास १०.२ च यायला पाहिजे, आणि तेवढाच आहे.

आता भोपळा. १०.८ चा भरीव बिडाचा गोळा पावणेपाच किलो भरला असता. तुमचा चार किलो. म्हणजे मध्ये काहीतरी हलकं आहे, यात वाद नाही. किती? पोकळी अगदी रिकामी धरली तर १०३ घसेमी, म्हणजे ५.८ सेंमी व्यासाची. पण रिकामी पोकळी ओतायची कशी, याचा विचार करा. बीड ओततो तेव्हा ते पाण्यासारखं असतं, साच्यात सगळीकडे घुसतं. जिथे घुसू द्यायचं नाही तिथे आधीच वाळूचा कोअर, म्हणजे गाभा, ठेवावा लागतो. पाइपच्या जोडणीत किंवा पंपाच्या केसिंगमध्ये तो कोअर नंतर फोडून बाहेर काढता येतो, कारण तिथे तोंड उघडं असतं. बंद गोळ्यातून कशाने काढणार? एक बारीक भोक सोडलेलं असतं, तेही मुख्यतः कोअरमधला गॅस बाहेर जायला. पुष्कळदा वाळू आतच राहते आणि भोकाला बूच मारतात.

वाळूची घनता घट्ट बसलेली धरून १.६ घेतो. मग हिशेब असा: ६५९.६ घसेमीतले क्ष घसेमी वाळू, बाकी बीड, एकूण ४००५ ग्रॅम. क्ष येतो १३३. म्हणजे ६.३ सेंमी व्यासाचा वाळूचा गाभा. रिकामं असेल तर ५.८, वाळू असेल तर ६.३. दोन्हींची सरासरी घनता तीच, ६.०७. एका आकड्यावरून आतल्या पदार्थाचं नाव कळत नाही, एवढं लक्षात ठेवा. आकडा फक्त 'बिडापेक्षा हलकं काहीतरी आहे' इतकंच सांगतो.

यातली एक गंमत सांगतो, कारण ही फाउंड्रीबाहेर कोणाला माहीत नसते. वाळूचा कोअर साच्याच्या मधोमध ठेवलेला असतो आणि भोवती बीड ओतलं जातं. पाण्यात लाकूड जसं वर येतं तसा कोअर वितळलेल्या बिडात वर उसळतो. तुमच्या आर्किमिडीजचाच कायदा. १३३ घसेमीचा कोअर साधारण ९३० ग्रॅम बीड बाजूला सारतो, त्याचं स्वतःचं वजन सव्वादोनशे ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे पाऊण किलोच्या जवळपास जोर त्याला वर ढकलत असतो. म्हणून कोअरला धरून ठेवायला लोखंडाचे छोटे टेकू लावतात, त्यांना चॅपलेट म्हणतात. टेकू कमी पडला, वितळला, किंवा कामगाराने नीट बसवला नाही की कोअर वर सरकतो आणि गोळ्याचा एका अंगाचा थर जाड, दुसऱ्या अंगाचा पातळ. मी तपासणीत होतो तेव्हा सरकलेल्या कोअरवरून रोज एकाशी तरी भांडण ठरलेलं.

हे तुम्ही घरच्या घरी तपासू शकता. सपाट, अगदी समतल जागा घ्या. शाळेचा कॅरम बोर्ड चालेल, फक्त पावडर पुसा आणि चारही कोपरे लेव्हलला आणा. गोळ्यावर खडूने एक ठिपका काढा आणि वेगवेगळ्या बाजू वर करून अलगद सोडा. मधोमध सगळं नीट असेल तर सोडाल तसा राहील. गाभा सरकलेला असेल तर गोळा डुलत-डुलत जड बाजू खाली घेऊन थांबेल, दरवेळी तीच.

आणि घनफळासाठी पट्टी, टेप, सगळं बाजूला ठेवा. काट्यावर बादली ठेवा, अर्ध्याच्या वर पाणी भरा, काटा शून्य करा. गोळा लसणाच्या जाळीच्या पिशवीत घालून नायलॉनच्या दोरीने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, दोरी हातात किंवा काठीला धरून ठेवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घसेमी घनफळ. पाणी सांडायचं नाही, मोजपात्र नको, काही नको. सुतळी वापरू नका, ती पाणी पिते. काटा ३० किलोचा असेल तर बादलीसकट वजन चालून जाईल.

अर्धवट इंजिनिअर

वा काका! बादलीची युक्ती आमच्या प्रयोगशाळेत कोणी शिकवली नाही.

मी एक भर घालतो. सरासरी घनता कमी येण्याची दोन कारणं असू शकतात. एक काकांनी सांगितलं तसा मधला गाभा. दुसरं म्हणजे कास्टिंगच, म्हणजे ओतलेलं बीडच, सच्छिद्र असणं, सगळीकडे बारीक बुडबुडे. १५ टक्के बुडबुडे म्हणजे जरा जास्तच होतं, पण घनता दोन्ही वेळेला सारखीच येईल. या दोन्हींत फरक करायचा असेल तर दोन्ही गोळ्यांची शर्यत लावा.

दोन मीटर लांबीची सपाट फळी, एक टोक थोडं उचललेलं. दोन्ही गोळे वर शेजारी ठेवून पुढे आडवी पट्टी धरा आणि पट्टी झटकन उचला. आतून एकसारखा असलेला कुठलाही गोळा, लहान असो मोठा असो, लोखंडाचा असो लाकडाचा असो, घसरला नाही तर सारख्याच त्वरणाने खाली येतो. वजन आणि आकार समीकरणातून निघून जातात. उरतं फक्त एवढंच, वस्तुमान मध्याजवळ आहे की कडेला. कडेला असेल तर गोळा फिरवायला जास्त जोर लागतो आणि तो मागे पडतो.

मी हिशेब केला. ५.८ सेंमीची रिकामी पोकळी असेल तर त्वरण भरीव गोळ्यापेक्षा ३.६ टक्क्यांनी कमी. जुना गोळा दोन मीटर पार करेल तेव्हा नवा साधारण ७ सेंमी मागे असेल. वाळूचा गाभा असेल तर ३.४ टक्के, म्हणजे तेही जवळपास ७ सेंमीच. म्हणून रिकामं की वाळू हे शर्यत सांगणार नाही. पण दोघे बरोबर पोचले तर गाभा नाही, कास्टिंग स्पंजसारखं आहे. उतार फार ठेवू नका, आणि फळीला खाच नको, खाचेत लोळला की हिशेब बदलतो.

पृथ्वीच्या पोटात काय असेल याचा अंदाजही अशाच दोन आकड्यांवरून येतो. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये लंडनला शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजून पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट सांगितली. आजचा आकडा ५.५१. आपल्या पायाखालचा सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र २.९ च्या आसपास. म्हणजे आत खूप जड काहीतरी असलंच पाहिजे. आणि पृथ्वीच्या फिरण्यावरून तिचं वस्तुमान मध्याकडे गोळा झालंय हे दिसतं. वस्तुमान मध्यापासून किती पसरलंय हे सांगणारा जो आकडा एकसारख्या गोळ्यासाठी ०.४ असतो तो पृथ्वीचा ०.३३ आहे. तुमच्या भोपळ्याचा ०.४५ असावा. पृथ्वीच्या बरोबर उलटा प्रकार.

कंटाळलो

हॅकसॉ घ्या आणि कापा. पाच मिनिटांचं काम.

बिडाचा तवा

@कंटाळलो, १० सेंमीचं बीड हॅकसॉने पाच मिनिटांत कापून दाखवा, मी कोल्हापूरहून बघायला येतो.

मैदानावरची

मंडळी, आज शनिवारची अर्धी शाळा, सगळं करून बघितलं. मुलींना खेळाच्या तासापेक्षा हाच तास जास्त आवडला, त्याचं काय करायचं ते मला बघावं लागेल.

बादलीत काटा ६५५ वर थांबला. घनता ६.११. पट्टीच्या उत्तराच्या इतकी जवळ येईल असं मला वाटलं नव्हतं. कागदाच्या पट्टीने परीघ ३३.९ आला, घनफळ ६५८. तिन्ही पद्धतींत दीड टक्क्याचाही फरक नाही. सरांनी तिन्ही आकडे फळ्यावरून पुसू दिले नाहीत.

शर्यत व्यासपीठाच्या फळीवर लावली. दरवेळी जुनाच पुढे. नवा चार बोटं मागे, कधी थोडा कमी. म्हणजे गाभा आहे.

कॅरम बोर्डवर मात्र खरी मजा आली. जुना सोडाल तिथे राहतो. नवा हळूच डुलतो आणि खडूचा ठिपका वर आणून थांबतो. कसाही ठेवा, ठिपका वरच. काका, कोअर सरकलाय. कानाशी धरून हलवला, आवाज काही येत नाही.

आता सांगा, याचं करायचं काय? आणि वाळू भरून कोणाला काय मिळतं? लोखंड वाचवलं म्हणावं तर वजन तर चार किलो पूर्ण दिलंय.

बिडाचा तवा

मॅडम, झकास काम केलंत. आवाज येत नाही म्हणजे वाळू घट्ट बसलीय किंवा आत खरंच रिकामं आहे. ठिपका जिथे वर येतो तिथला रंग सॅंडपेपरने थोडा घासून बघा. थर तिथे पातळ आहे. बुचाचं गोल वर्तुळ तिथे सापडेल असं नाही, पण कुठेतरी सापडेल.

लोखंड वाचवायला हे केलेलं नाही. वाळू धरली तर बीड ३.८ किलो लागलंच, वाचलं दोनशे ग्रॅम. कोअर करायचा खर्च त्यापेक्षा जास्त. माझा अंदाज वेगळा आहे. याच कवचात वाळूऐवजी शिसं भरा. शिशाची घनता ११.३४. पोकळी पूर्ण भरली तर गोळा सव्वापाच किलोच्या पुढे जातो, थोडी कमी भरली तर बरोबर ५ किलो. १८ वर्षांखालच्या मुलांचा गोळा ५ किलोचा असतो, आणि त्याचा व्यास १०० ते १२० मिमी चालतो. मुलींच्या ४ किलोला ९५ ते ११० मिमी. तुमचा १०८ दोन्हींत बसतो. एकच पॅटर्न, एकच कवच, आत शिसं घातलं की मुलांचा, वाळू ठेवली की मुलींचा. कारखानदार म्हणून मीही तेच केलं असतं, फक्त कोअर सरळ बसवला असता.

याच नियमांतून दिसतं बघा. ४ किलोचा गोळा ९५ मिमीचा करायचा तर घनता ८.९ पाहिजे. ती बिडात मिळत नाही, पोलादात नाही, पितळेतही नाही. आत शिसं घालावंच लागतं. पुरुषांचा ७.२६० किलोचा ११० मिमीत करायचा म्हटलं तर घनता १०.४, म्हणजे पाऊणएक घनफळ शिसंच, वर धातूचं कवच. मोठे खेळाडू आपापल्या हाताच्या मापाने गोळा निवडतात ते याच जागेत.

नियमात भरीव लोखंड, पितळ, किंवा पितळेपेक्षा मऊ नसलेला कुठलाही धातू चालतो. नाहीतर अशा धातूचं कवच आणि आत शिसं किंवा दुसरा घन पदार्थ. हातोडाफेकीच्या गोळ्याला तर आतलं भरण हलता कामा नये आणि गुरुत्वमध्य मध्यापासून ६ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये, असं स्पष्ट लिहिलंय. तुमचा गोळाफेकीचा आहे, तरी एका अंगाला जड गोळा बोटांवर सरळ बसत नाही. नव्या मुलीला ते कळणार नाही, तिला वाटेल आपलंच मनगट वळतंय.

म्हणून भोपळा ताकदीच्या सरावाला ठेवा, उचलायला, छातीपासून ढकलायला. तंत्र शिकवताना जुना द्या. जुना ३.९८० आहे, स्पर्धेच्या वजनकाट्यावर तो बाद होईल, ४.००० च्या खाली चालत नाही. पण शाळेच्या मैदानावर २० ग्रॅमने काही अडत नाही. पुढचा गोळा घेताना दुकानात कॅरम बोर्ड नेता येणार नाही, पण काच लावलेलं टेबल तिथे असतंच. त्यावर ठेवून बघा आणि मग पैसे द्या.

मैदानावरची

काका, रंग घासला. बूच सापडलं, ठिपक्यापासून बरंच लांब, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. सर म्हणतात सोमवारी दहावी 'ब'ला हाच प्रश्न चाचणीत देणार, व्यास देऊन, त्रिज्या न देता.